हीटर बिघडला त्या सकाळचा फोन

नवरा आखातात गेल्याला तेव्हा चौदा महिने होत आले होते.

आम्ही दोघं एकाच कामातले. वसई पूर्वेला एका औद्योगिक गाळ्यात वायू मोजणारी यंत्रं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. तिथे तो माझ्या तीन वर्षं आधी लागला होता. आमची टेबलं समोरासमोर होती. मल्टिमीटर धरायला मी कॉलेजात शिकले, पण मीटरवरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे त्याच्याकडून शिकले. लग्न करून सांडोरला त्याच्या घरी आले. मागे केळीची बाग, घरात सासूबाई. त्यांच्यासमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे आणि वर्कशॉपात ‘तू’. मग त्याला तिकडच्या रिफायनरीत मेंटेनन्सची नोकरी मिळाली. तो गेला आणि ‘तू’ म्हणायची जागाच माझ्याकडून गेली.

फोन रोज यायचा, संध्याकाळी. सासूबाई शेजारी बसलेल्या असायच्या. त्यांचं माहेर मिठागराकडचं, त्यामुळे बोलण्यात ‘ण’ नाहीच. “बागेला पानी सोडलंय, सांग त्याला,” त्या म्हणायच्या आणि मी सांगायचे. जेवलात का, हवा कशी आहे, पाठ दुखते का. पाच मिनिटांत बोलणं संपायचं. ठेवल्यावर वाटायचं, अजून काहीतरी बोलायचं राहिलं. पण काय, ते आठवायचं नाही.

डिसेंबरअखेर तो सुट्टीवर यायचा होता. मागच्या दारचा नळ दोन महिने गळत होता. वॉशर बदलायला मला दहा मिनिटं लागली असती. पण तो आल्यावर त्याच्या हाताला घरातलं काहीतरी काम असावं, म्हणून मी खाली बादली लावून तो तसाच ठेवला होता.

दिवाळी उलटून आठवडा झाला असेल. सकाळी एका कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला. पोलादी सुटे भाग भट्टीत तापवून कडक करायचा कारखाना. भट्टीतला वायू मोजणाऱ्या आमच्या अ‍ॅनालायझरने अलार्म दिला होता, हीटरचं तापमान चुकतंय म्हणून. वायू मोजला जात नाही तोवर भट्टीत माल घालता येत नाही. मी स्कूटर काढली.

या यंत्राच्या आत एक छोटा कप्पा असतो. हीटर तो कायम साठ अंशांवर ठेवतो, नाहीतर वायूतली वाफ आत गार होऊन तिचं पाणी होतं आणि मापच चुकतं. पडद्यावर तापमान दिसत होतं अठ्ठ्याहत्तर. म्हणजे कप्पा जास्त तापलेला हवा. मी झाकण काढून हात लावला, तर तो गार.

वीज येत होती. फ्यूज शाबूत. हीटरची कॉइल मोजली, तीही चांगली. आता कंट्रोल बोर्डच गेला असेल तर काम लांबणार. मी घड्याळ पाहिलं. तिकडे साडेआठ वाजले होते, तो रात्रपाळी करून खोलीवर आलेला असणार. मी फोन लावला.

“काय गं? घरी सगळं ठीक?”

“घरी ठीक. साइटवर आहे. हीटरचा फॉल्ट आलाय.”

त्याचा आवाजच बदलला. पाळीचा शीण उतरून तो एकदम सावरून बसला असावा. “किती दाखवतंय?”

“अठ्ठ्याहत्तर. हवंय साठ.”

“हात लावलास?”

“लावला. गार आहे.”

“म्हणजे हीटर बरोबर आहे, त्याला चुकीचं सांगितलं जातंय. सेन्सरची वायर बोर्डावरून सोडव आणि ओहम मोज.”

तापमान वाढलं की या सेन्सरचे ओहम वाढतात. फोन स्पीकरवर टाकून मी मोजलं. “एकशे तीस.”

“आता खाली जा. सेन्सरपाशीच मोज.”

मी गुडघ्यांवर बसले आणि वायर शोधत खाली गेले. वाटेत एक कनेक्टर होता. तो सोडवला आणि सेन्सरच्या अंगाने मोजलं. एकशे अकरा. त्या सकाळच्या हवेला जेवढे यायला हवेत तेवढेच. म्हणजे सेन्सर चांगला, बोर्डही चांगला. मधले एकोणीस ओहम त्या कनेक्टरचे. मी तो उजेडाकडे धरला. आतल्या पिनेवर हिरवा थर चढला होता. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तांब्या-पितळेचं होतं तसं. यंत्र त्या गंजालाच उष्णता समजत होतं आणि हीटर बंद करत होतं.

एवढं सगळं मला त्या एका क्षणात कळलं. आणि मी म्हटलं, “थांब हं, इथे नीट दिसत नाहीये.”

का म्हटलं, ते तेव्हा ठरवून नव्हतं. फोन ठेवावा लागेल एवढंच डोक्यात आलं.

“रिले पाहिलास?” त्याने विचारलं.

“पाहते.” रिले म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच; त्याचा काही संबंध नव्हता, तरी मी तो पाहिला. मग त्याने बोर्डावरचं एकेक टोक मोजायला लावलं. मी मोजत गेले, आकडे सांगत गेले. मध्येच त्याला मागचा आवाज ऐकू आला. “तो जुना कॉम्प्रेसर अजून चालतो?” मी म्हटलं, चालतो. “चहा दिला का त्यांनी?” दिला, बिनसाखरेचा. तो हसला. आम्ही दोघं पहिल्यांदा बाहेर कामाला गेलो होतो, तेव्हा मी उलट्या लावलेल्या वायरी त्याने गुपचूप सरळ केल्या होत्या, ते त्याने काढलं. मला ते माहीतच नव्हतं. चौदा महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता. गंजलेला कनेक्टर माझ्या मुठीत होता आणि मी खोटं खोटं मोजत बसले होते.

सुपरवायझर दारात आला. “मॅडम, अजून किती टाइम? ट्रॉली भरून उभी आहे, माणसं बसलीत.”

मला लाज वाटली. मी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. “सापडलं. कनेक्टरला गंज आहे.”

“कधी सापडलं?”

“मघाशी.”

तो म्हणाला, “एकशे तीस म्हणालीस तेव्हाच मला वाटलं होतं, वायरीतच कुठेतरी असणार.”

“मग रिले कशाला बघायला लावलास?”

“सुट्टी पुढे गेली. माझ्या जागी जो माणूस यायचा होता तो येत नाहीये. आता मार्च. काल सांगणार होतो, पण आई शेजारी होती.”

मी म्हटलं, “बरं. माणसं खोळंबलीत इथे, ठेवते.” आणि ठेवला.

जुना कनेक्टर कापून नवा बसवला. पडद्यावरचा आकडा लगेच खाली आला, तीस. मग हीटर चालू झाला आणि एकेक अंश चढू लागला. साठ व्हायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मी स्टुलावर बसून होते. रागच आला होता, आणि तो नक्की कुणाचा हे कळत नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन आधी पाना घेतला आणि मागचा नळ दुरुस्त केला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना काय कळायचं ते कळलं. “कधी येतो म्हनला?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “चल, जेवून घेऊ.”

मार्चमध्ये तो खरंच आला, तीस दिवसांसाठी. पहिला आठवडा तो झोपला. जागा असे तेव्हा कुणी ना कुणी भेटायला आलेलं असे. आम्ही एकटे असलो की दोघांनाही काही सुचायचं नाही. इतके दिवस जपून ठेवलेलं बोलणं कुठे गेलं, कोण जाणे.

मग एके सकाळी मला विरारच्या बाजूच्या एका कारखान्याचं काम आलं. मी निघताना तो म्हणाला, “मी येऊ?”

तो स्कूटरवर मागे बसला. तिथल्या सुपरवायझरने हे कोण म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, “माझे मिस्टर.” तो एका उलट्या बादलीवर बसला आणि टॉर्च धरला. या यंत्राचा कप्पा साठला पोचतच नव्हता. मला उलगडा व्हायला दोन तास लागले. कुणीतरी जवळ नवा पंखा लावला होता आणि त्याचा वारा झाकणाच्या फाटलेल्या रबरी गॅस्केटमधून थेट आत जात होता. मी पंखा वळवला, गॅस्केट बदललं. त्या दोन तासांत त्याने एक शब्द सुचवला नाही. मला काय हवं ते मागायच्या आत पाना हातात ठेवायचा, टॉर्च हवा तिथे धरायचा. दोनदा मी त्याला पंख्याकडे बघताना पाहिलं.

येताना आम्ही सरळ घरी न येता वटारवरून लांबून आलो. वाड्यांमधून रस्ता जातो. त्याने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली होती. सबंध वाटेत आम्ही काही बोललो नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही.

त्यानंतर बाराव्या दिवशी सुट्टी संपून तो परत गेला. फोन रोज येतो, कधी कामाबद्दलही बोलतो. पण साइटवर कप्प्यात वाकले की अजून माझा डावा हात आपोआप मागे जातो, कुणीतरी पाना देईल म्हणून. मग उठून पेटीतून घ्यावा लागतो. पुढच्या खेपेची तारीख रिफायनरीवाल्यांनी अजून दिलेली नाही.