आधी गणपती

सांगली शांत गाव आहे, हे मला कोणी सांगायला नको. स्टेशनवरचा टांगेवाला मात्र दर खेपेला सांगतो. भाची तिथे कॉलेजात शिकते, म्हणून कोरेगावहून माझी ये-जा असते. परगावचे माणूस टांग्यात बसले, की त्याला कुठेही जायचे असो, हा आधी गणपतीच्या देवळाकडे नेतो.

त्या दिवशी भाचीची परीक्षा होती आणि आमची आगगाडी उशिरा पोचली होती. मी बजावले, "सरळ कॉलेजात चला." तरी टांगा देवळापुढेच थांबला.

"आवं बाई, गावाचा मालक हाय त्यो. आमच्या गावात एवढी घाई न्हाई चालत," म्हणत तो चपला काढून आत गेला.

भाची रडू लागली. माझे डोके फिरले. जन्मभर बैलगाडी हाकलेली बाई मी. लगाम धरला आणि टांगा वळवला. तो अनवाणी धावत आला आणि मागच्या पायरीवर लटकला.

"डावीकडं बगा बाई," तो धापा टाकत म्हणाला, "नाटकाचं थेटर. लय जुनं हाय!"

भाची घंटेआधी पोचली. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या, तर माझा राग तरी उतरला असता.