पंखा थांबेपर्यंत

"सर, थांबवा हो!" मी ओरडलो. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, लातुरातल्या माझ्याच दवाखान्याच्या अंगणात. मी मानसोपचारतज्ज्ञ. आणि ज्यांना ओरडत होतो ते माझे पेशंट, आत खुर्चीत शांत बसलेले.

भूकंपानंतरचे दिवस होते. अधूनमधून छोटे धक्के बसत. सगळं गाव बाहेर झोपे. मीही झोपे, उशाशी तांब्यावर वाटी पालथी घालून. वाटी वाजली की पळायचं. पेशंट म्हणजे फिजिक्सचे सर. क्लासेसना तेव्हा नुकती गर्दी होऊ लागली होती.

"सहा दिवस डोळ्याला डोळा न्हाई," सरांच्या मिसेस सांगत होत्या. "लई बोलायलेत. म्हणतेत, मला राग आला की जमीन हालते."

"घाबरलेत हो वहिनी. सगळं लातूर घाबरलंय." मी झोपेच्या गोळ्या लिहायला घेतल्या.

"डॉक्टर, तुम्हाला पटलं न्हाई," सर म्हणाले. "मला राग यायलाय."

आणि वरचा बंद पंखा डुलायला लागला.

मी टेबलावरून गेलो की खालून, आठवत नाही. वहिनींच्या आधी पोचलो, हे नक्की. मग अंगणातून ती विनवणी.

"थांबवतो," सर आतून म्हणाले. पंखा थांबला.

कंपाउंडर रशीदभाईंनी माझी दुसरी चप्पल आणून दिली. "साब, केसपेपरवर नाव कुनाचं लिहू?"

मी हसलो. वहिनीही हसल्या. सर हसले नाहीत. आत येऊन मी विचारलं, "सर, तुमची चूक होत असेल तर?"

"चूक? उद्या सकाळी पोरं त्याच वर्गात बसवतो. छत मी धरतो."

वहिनींचं हसू गेलं. "त्या खोलीला तडे गेलेत. इंजिनियरनं कुलूप लावलं होतं. ह्यांनी काल फोडलं."

मी चिठ्ठी फाडली. भ्यालेला माणूस काहीही जुळवतो, पण झोपतो बाहेरच. हे आत निघाले होते, पोरांना घेऊन. झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, शंकेला जागा नाही. याला आम्ही मेनिया म्हणतो, बायपोलर आजाराची चढती बाजू. आणि कशानेच न हलणारी ती समजूत म्हणजे भ्रम.

"सर, तुमचं मला पटत नाही," मी म्हणालो. "पण भीती फार वाटते. आज इथंच थांबा."

हे शंभर टक्के खरं होतं. सरांना माझी दया आली आणि ते ॲडमिट झाले. वहिनी तडक क्लासवर गेल्या, नवं कुलूप लावून, पोरांना सुट्टी सांगून आल्या.

काही आठवड्यांनी औषधं लागू पडली. सर ओशाळून म्हणाले, "काय काय बरळलो, डॉक्टर." मग डोळे बारीक करून, "पण थांबवा म्हणून तुम्हीच ओरडला होता ना?"

"ओरडलो होतो."

अर्धा मिनिट माझाही पक्का विश्वास बसला होता. पंखा थांबला तसा माझा विश्वास संपला. सरांचा तिथून पुढे वाढला. म्हणून हल्ली कुणी काहीही सांगितलं, तरी मी आधी विचारतो, "तुमची चूक होत असेल तर?" आणि टेबलाखाली चपला काढून बसत नाही.