शैलाच्या यंत्राचं कडं कुणी काढायला लावलं?

शैला कडोलकरला आधी लोखंडानं मारलं आणि मग कागदानं. लोखंडानं मारलं अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बंगळूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात, भरल्या गर्दीसमोर. कागदानं मारलं त्यानंतर नवव्या दिवशी. चौकशी समितीच्या दीड पानी अहवालात वाक्य आहे : ‘विद्यार्थिनीने संरक्षक कडे स्वतःच्या मर्जीने काढले.’ कॉलेजचं नाव छापता येणार नाही, असं संपादकांनी मला सांगितलंय. नाही तर नाही. मी काय पाहिलं ते तरी छापा. मी तिच्या वर्गातला, तिच्या यंत्राचे बोल्ट आवळणारा, आणि त्या सकाळी तिच्यापासून चार पावलांवर उभा होतो.

बेळगावला फोन मीच केला, कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवरून. तिचे वडील तिथे बस डेपोत मेकॅनिक आहेत. मी कसंबसं सांगितलं, चाक फुटलं, शैला गेली. त्यांनी एकच विचारलं, “कुठल्या चाकानं? तिच्याच?” मी हो म्हणालो. मला वाटलं, यापेक्षा वाईट काही ऐकायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. तेव्हा अहवाल यायचा होता.

आमची ओळख मेसच्या दारात झाली. मी पुण्याचा, पहिल्याच वर्षी हॉस्टेलच्या जेवणाविरुद्ध पत्रकं वाटत होतो. ती आली, पत्रक वाचलं, आणि म्हणाली, “चार उद्गारचिन्हं घातलास की. वरण घट्ट झालं काय त्यानं?” मी भडकलो. ती हसली. “हात रिकामे असतील तर वर्कशॉपात ये. तिथं काहीतरी फुटतं तरी.” गेलो. तिथून तीन वर्षं तिच्या शिव्या खात बोल्ट आवळले.

कॉलेजात दर वर्षी यंत्रांची झुंज व्हायची. गोल लाकडी मंच, पंधरा किलोची मर्यादा, वायरीनं जोडलेला रिमोट. समोरच्याला मंचावरून खाली पाडायचं. सगळे तेच करायचे : वायपरच्या दोन मोटरी, रबराची चार चाकं, आणि बोकडांसारखी डोक्याला डोकं. शैलाला गोल चाकाचा रागच होता. पहिल्या वर्षी तिनं चाकाची बाहेरची गोल धावच काढून टाकली, नुसते आरे ठेवले, त्यांना पोलादी टाचा ठोकल्या. यंत्र चालायच्याऐवजी पावलं टाकायला लागलं. हॉस्टेलचे जिने चढलं आणि वॉर्डनच्या नडगीचं सालपट काढलं. मंचावर ते समोरच्या यंत्राच्या अंगावर चढलं आणि थांबलंच नाही. तुडवत राहिलं, पत्रा फाटेपर्यंत, बॅटरीतलं अॅसिड वाहेपर्यंत. ज्यांचं यंत्र होतं त्यातला एक जण रडला. शैला बोटं तोंडात घालून शिट्ट्या वाजवत होती. दुसऱ्या वर्षी चाकाच्या कडेवर तिनं आडव्या, बोटभर लांबीच्या नायलॉनच्या फिरत्या लाट्या, छोटे रोलरच, बसवल्या. त्यामुळे यंत्र खेकड्यासारखं बाजूला सरकायचं. समोरचा मुसंडी मारून यायचा, हे हळूच कडेला व्हायचं, आणि तो आपल्याच जोरानं जमिनीवर आपटून फुटायचा. “मी हातसुद्धा लावला नाही गा,” ती म्हणायची. हे सगळं तिला मनापासून आवडायचं, आणि ती गेली म्हणून मी ते लपवणार नाही. तिला धडक आवडायची. माणसाला लागलेलं मात्र तिला खपायचं नाही. वॉर्डनच्या पायाला पंधरा दिवस तिनंच मलम लावलं, रोज बोलणी खात.

त्या लाट्या बंगळूरच्याच चामराजपेटेत नागेश अण्णांच्या लेथवर व्हायच्या. तीन पिढ्या तिथलंच घर, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणं, आणि शैला वयानं मुलीएवढी असून तिला ते अक्का म्हणायचे. तिसऱ्या वर्षी तिनं त्यांच्यासमोर नवं चित्र ठेवलं. बिडाचं एक जड चाक, जमिनीला न टेकणारं, यंत्राच्या पोटात बसवलेलं.

“हे चाक की भोवरा, अक्का?”

“मोटर दुबळी आहे, अण्णा. ती मिनिटभर याला फिरवणार. जोर याच्यात साठणार. मग क्लच सोडला, की सगळा जोर एकदम खालच्या चाकांत.”

“म्हणजे गुद्दा.”

“गुद्दाच.”

अण्णांनी चाक करून दिलं, पण दोन अटींवर. एक, चाकाभोवती जाड पोलादी पाइपाचं कडं हवंच. बीड फुटलं तर तुकडे कड्यात अडकले पाहिजेत. दुसरी, चाक बसवण्याआधी दर वेळी ते टांगायचं, हातोडीनं हलकं ठोकायचं आणि ऐकायचं. लांब, स्वच्छ आवाज आला तर चाक धड. बद्द वाजलं तर आत चीर आहे. ठोकताना अण्णा दुकानातली सगळी यंत्रं बंद करायचे. गिऱ्हाईक बोललं तर त्यालाही गप्प करायचे. शैलानं एकदाही ठोकल्याशिवाय चाक बसवलं नाही. घाईची म्हणतात ना तिला, त्यांनी हे वाचावं.

त्या सकाळी वजनकाट्यावर यंत्र जड भरलं. कॉलेजचा काटा आणि अण्णांचा काटा जुळले नाहीत, एवढंच. परीक्षक प्राध्यापक म्हणाले, “पंधरा म्हणजे पंधरा. ते कडं काढा, नाहीतर बाद.”

“सर, कडं यंत्रासाठी नाही, माणसांसाठी आहे.”

“दोन मिनिटांचा सामना. स्वल्प अॅडजस्ट करा.”

तिनं तीन गोष्टी मागितल्या : लोकांना मागं न्या, रिमोटची वायर लांब करू द्या, आणि चाक ठोकून ऐकेपर्यंत लाउडस्पीकरवरची गाणी बंद करा. वायर दोन मीटरचीच, नियम. गाणी चालूच, कारण पाहुणे आले होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “सरी, ठीक. काढ.” कड्याचे आठ बोल्ट होते. आठही मी काढले. जो मी वरणावर पत्रक काढतो, तो मी त्या प्राध्यापकासमोर पाना घेऊन निमूट वाकलो.

तिनं चाक टांगलं, ठोकलं. लाउडस्पीकर किंचाळत होता. निवेदक माइकवरून ओरडला, “मॅडमची पूजा चाललीय, घंटा वाजतेय!” सगळे हसले. तिनं कान लावून पुन्हा ठोकलं. पुन्हा. मग मला विचारलं, “वाजलं काय रे नीट?”

मी म्हणालो, “वाजलं.”

मला काहीही ऐकू आलं नव्हतं... हे समितीनं मला विचारलं नाही. मला कुणी बोलावलंच नाही. म्हणून इथे लिहितोय.

पाहुण्यांसाठी पुढे मांडलेल्या खुर्च्या तिनं स्वतः लाथेनं मागं सारल्या, एकाला छातीवर हात लावून ढकललं. “मागं सरा! अजून मागं!” त्यानं तिला घाणेरडी शिवी दिली. तो आज जिवंत आहे तो त्या धक्क्यामुळे. मग तिनं बटण दाबलं. चाक गरगरलं, आवाज चढत गेला, आणि क्लच सोडायच्या आधीच ते फुटलं. एक तुकडा छताच्या पत्र्यातून गेला, एक परीक्षकांच्या टेबलाची फळी चिरून भिंतीत रुतला, आणि एक तिच्या गळ्यातून. अहवालात ‘मानेला इजा’ लिहिलंय. इजा नव्हे ती. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं आणि माझ्या बोटांमधून ती जात होती. तिच्या हातात रिमोट तसाच होता. दुपारी मंच पाण्यानं धुतला, आणि संध्याकाळी शेजारच्या सभागृहात बक्षिसं वाटली. टाळ्या मी ऐकल्या.

अहवालाची प्रत बेळगावला रजिस्टर पोस्टानं गेली. मी गेल्या आठवड्यात जाऊन आलो. तिचे वडील डेपोत जात नाहीत. “पोरांना मी शिकवतो, गार्ड काढून मशीन चालवू नका,” ते म्हणाले. “आणि माझ्याच पोरीनं काढलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?” मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तू तिचा दोस्त. तू असंच सांगणार.” त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि अहवाल घडी घालून खिशात ठेवला.

माझा एकट्याचा शब्द पुरत नाही. त्या सभागृहात बेळगाव, निपाणी, पुणे, नागपूरची मुलं होती. त्यांनी प्राध्यापकांचं वाक्य ऐकलंय. ती तुमची मुलं आहेत. आज हा कागद खाली ठेवा, त्यांना समोर बसवा आणि विचारा : “कडं काढा” कोण म्हणालं? जे ऐकलं ते त्यांच्याच हातानं लिहून घ्या. खाली पूर्ण नाव आणि सही. घाबरत असतील तर शेजारी तुम्ही सही करा. कॉलेजला नंतर पाठवा. पहिली प्रत शैलाच्या वडिलांना, बेळगावच्या डेपोच्या पत्त्यावर, तिथली माणसं घरी पोचवतील, याच आठवड्यात.