चिडीचूप वर्ग

आमच्या धाकटीला वर्ग सांभाळता येत नाही, असं हेडमास्तरांनी तोंडावर सांगून तिला घरी पाठवलं. आता गल्लीतल्या बायका मला विचारतात, एवढी शिकलेली तुझी बहीण घरी कशी? काय सांगणार, कपाळ माझं!

विज्ञानाची पदवी झाली, वरची पदवी झाली, आणि मग शिकवायचं कसं ते शिकायला आणखी दोन वर्षं. वडील म्हणायचे, "शिकता शिकता म्हातारी होशील." पण सरकारी हायस्कुलात लागायचं तर ते प्रशिक्षण हवंच. त्यात शेवटी एक पाठ असतो. खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढे शिकवायचं आणि मागच्या बाकावर बसून निरीक्षक गुण देणार. धाकटी त्यात एकदा नापास झाली होती. वर्गात गोंधळ फार, हा शेरा. पुन्हा तेच झालं असतं तर सगळं पाण्यात.

या शिकाऊ मास्तरांची एक रीत असते. पाठाच्या आदल्या दिवशी वर्गाला गोळ्या वाटायच्या आणि कबूल करून घ्यायचं, उद्या मागे साहेब बसले की हूं की चूं करायचं नाही. निरीक्षकांनाही हे ठाऊक असतं. तेही कधीकाळी गोळ्या वाटूनच पास झालेले. धाकटीनंही वाटल्या. पहिल्या बाकावर नववीतली एक किडकिडीत पोर बसायची, चिमणी म्हणायचे तिला. धाकटीवर तिचा भारी जीव. तिनं तर वर्गालाच दम भरला, "मॅडमच्या पाठाला कोणी बोललं तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी पाठ सुरू झाला आणि चिमणी पोट धरून बसलेली. धाकटीला दिसलं. तिला वाटलं, बाहेर जायचं असेल. तिनं डोळ्यांनीच खुणावलं, थांब जरा. चिमणीनं मान हलवली आणि थांबली.

घंटा झाली. निरीक्षक उठून म्हणाले, "इतका चिडीचूप वर्ग मी आजवर पाहिला नाही." पोरं बाहेर पळाली. चिमणी उठलीच नाही. अंग घामानं भिजलेलं, ओठ चावून चावून रक्त आलेलं.

अपेंडिक्स फुटलं होतं. दवाखान्यात नेलं, पण पोर वाचली नाही. धाकटी तिच्या घरी गेली तेव्हा मीही सोबत होते. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "पहाटेपासून दुखत होतं. मी म्हटलं, नको जाऊ आज. तर म्हणाली, मॅडमना शब्द दिलाय." बस, एवढंच. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

धाकटी पहिल्या नंबरानं पास झाली. त्या निकालाचा मला असा संताप आला म्हणता! मग ती हायस्कुलात लागली आणि तिच्या तासाला नुसता बाजार भरायला लागला. शेजारच्या वर्गातले मास्तर तक्रारी करायचे. मी चिडून म्हटलं, "अगं, एकदा तरी ओरड की त्यांच्यावर. नोकरी जाईल हातची."

"गप्प बसा म्हणायला तोंडच उघडत नाही गं, ताई," ती म्हणाली.

हेडमास्तरांपुढे तिनं हेही सांगितलं नाही. आता घरीच असते. माझी पोरं खेळता खेळता जरा गप्प झाली, की हातातलं काम टाकून बघायला धावते.