धवल्यांचा सर्व्हर

"मॅडम, तुमचा मानूस सकाळी चालू करून गेला, पन दुबईत काय उघडत नाय," जयवंत पाटील फोनवर म्हणाले. आवाज शांत होता, त्याचंच मला जास्त टेन्शन आलं.

मी नवी मुंबईतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत इंजिनिअर आहे. दुपारी उलव्याला पाटलांच्या घरी पोहोचले.

त्यांची आई हिराबाई धवलारीण आहे, म्हणजे आगरी लग्नांत विधींची गाणी, धवले, गाणारी. पाटलांनी तिचे धवले रेकॉर्ड करून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. तोच त्यांचा सर्व्हर. मागे कुणीतरी तिचं गाणं डीजेच्या ठेक्यावर चढवून इंटरनेटवर टाकलं, तेव्हापासून तिने फाइल पाठवणं बंद केलं होतं. "आयका कितीपन. न्यायचं नाय." म्हणून दुबईच्या नातीने पासवर्ड टाकून या सर्व्हरवरूनच ऐकायचं ठरलं होतं. नातीची हळद त्याच संध्याकाळी होती.

साध्या कनेक्शनला कंपनी एकच पब्लिक पत्ता बऱ्याच घरांत वाटून देते. त्यावरून बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला नेमकं तुमच्या घरी येता येत नाही. स्टॅटिक आयपी म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता. पाटलांनी तोच घेतला होता, आणि सकाळी आमचा माणूस तो चालू करून गेला होता.

तो राउटरवर बरोबर दिसत होता. पाटलांच्या मोबाइलवर गाणीही वाजत होती.

बॉसला फोन केला. तो म्हणाला, "वाजतंय ना? मग कम्प्लेंट क्लोज कर."

"सर, ते घरच्या वायफायवर आहेत. ॲप सर्व्हर घरातच शोधतंय."

मी माझ्या मोबाइल डेटावरून बघितलं. काहीच उघडेना.

राउटर घरातल्या प्रत्येक मशीनला एक नंबर देतो. बाहेरून आलेल्याला त्यातल्या कुठल्या नंबरकडे पाठवायचं, ते राउटरला सांगावं लागतं. सकाळी तिथे सर्व्हरचा नंबर टाकलेला होता. त्या नंबरवर आता टीव्ही बसला होता.

"मधे लाइट गेली होती का?"

"गेलेली ना, तो पोरगा गेल्यावर लगेच."

लाइट आल्यावर टीव्ही आधी सुरू झाला, जुना कॉम्प्युटर मागून. राउटरने नंबर नव्याने वाटले आणि सर्व्हरचा नंबर टीव्हीला गेला. दुबईची मंडळी टीव्हीचं दार वाजवत बसली होती.

"त्या टीव्हीला काय म्हाईत धवले?" हिराबाई म्हणाली.

मी सर्व्हरला एक नंबर कायमचा राखून दिला. पाटलांनी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे हळदीचा पाट मांडलेला होता. नातीने पासवर्ड टाकला आणि आजीचा आवाज स्पीकरवर घुमला. हिराबाईने दोन ओळी ऐकल्या आणि हात हलवला.

"बंद कर ती. मी हाय ना हिकरं."

पहिला धवला तिने फोनवरच गायला. पुढचे सर्व्हरने.

आता आमच्याकडे स्टॅटिक आयपी लावल्यावर इंजिनिअरने राउटर एकदा बंद-चालू करायचा, मग स्वतःचं वायफाय बंद करून तपासायचं, असा नियम आहे. तो आपण केला, असं बॉस सगळ्यांना सांगतो.