धुळे ते जळगाव: मोठ्या मायचा टाक आणायला

अक्षय्य तृतीया, आमची अखाजी, तोंडावर आली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला धुळ्याच्या स्टँडवर नेऊन बजावलं, "सीधा जा, सीधा ये. मधे काही उद्योग नको."

काम साधं होतं. आबांची आई, आमची मोठी माय, गेल्या पावसाळ्यात वारली. यंदाच्या अखाजीला तिचा टाक देवघरात बसवायचा होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली अंगठ्याएवढी मूर्ती. आबांची अट एकच, हात जोडून बसलेली बाई पाहिजे.

अटीला कारण होतं. मोठी माय अशी कधी बसलीच नाही. आजोबा गेले तेव्हा आबा दूधपिते होते. तिनं घोडी घेतली, मिरच्या लादल्या आणि पारोळा, धरणगाव, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत बाजार केले. गिरणेला पाणी असताना घोडी पोहत पार नेली. म्हातारपणी रावेरला लग्नाला म्हणून गेली, ती केळीच्या ट्रकमधून इंदूर पाहून आली. आबांना मात्र शाळेत पोरं 'घोडीवालीना पोऱ्या' म्हणून चिडवायची. ते त्यांना अजून लागतं. निदान देवांच्या ओळीत तरी ती चारचौघींसारखी दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

जाणार असाल तर पहिली एस.टी. धरा आणि डावीकडे बसा, ऊन उजवीकडून येतं. पाणी घरून न्या. पारोळ्यात आमचं टायर बसलं. कंडक्टर म्हणाला, चहा घेऊन या. चहा पंधरा पैसे, कपभर साखर फुकट. किल्ल्याच्या खंदकाजवळ एक म्हातारे चाचा बैलाला नाल ठोकत होते. मी उगाच विचारलं, "चाचा, घोडीला नाल मारायचं काय घ्याल?"

"घोडी कोठे शे?"

"घोडी मेली. आजीची होती. मिरच्या विकायची ती."

चाचांनी हातोडी खाली ठेवली. "घोडीवालीना नातू तू? अरे, तिनी घोडी मले लाथ मारे आन तुनी आजी मलेच शिव्या दे, की तुना हात थंडा शे म्हणून!"

मी टाकाचं सांगितलं. हात जोडून बसलेली, हे ऐकून चाचा हसले. "बठ्ठा बाजारनी तिले घोडीवरच देखेल शे. खाली बसाडशी त कोन वळखी?"

बस सुटली. एरंडोल कधी मागे पडलं कळलं नाही, कारण उद्योग सुचला होता.

जळगावला उतरल्यावर आधी जेवा. शेवभाजी आणि भाकर मागा, रस्सा परत परत देतात. मग सराफ्यात गेलो. सोनारकाकांनी चष्मा वर केला. "बाई, आणि घोड्यावर? घोड्यावर फक्त वीर असतो."

"आमच्या घराण्यात बायकाच वीर," मी म्हणालो.

"ठसा पुरुषाचा आहे. मिश्या आहेत त्याला."

"घासा."

"पदर कोरून देईन. पण हातातली तलवार राहील. ती काढायला गेलो तर पत्रा फाटेल."

"राहू द्या. तिला शोभते."

संध्याकाळी घरी आलो. आबांच्या हातात टाक दिला आणि चपला न काढता दारातच उभा राहिलो. पळायला बरं पडतं. आबा टाक घेऊन खिडकीशी गेले. उजेडाकडे धरून फिरवून फिरवून बघितला.

"हाई तलवार कशाले?"

मी ठशाचं सांगितलं.

"डाव्या हातमा लगाम राहे," आबा म्हणाले. "उजव्या हातमा तलवार नही राहे. त्या हातमा मी राहू, दूधपिता पोऱ्या."

पंचांग वाचून दाखवावं तसं सांगितलं त्यांनी. मग टाक फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला. "सकाळनी गाडीले परत जा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच झळ आणि तीच डावीकडची खिडकी. सोनारकाका वैतागले, पण त्यांनी तलवारीवर चांदीचा दाणा बसवून दिला. म्हणाले, "घ्या, झालं पोर."

अखाजीला घागर भरली, पुरणपोळी झाली, आमरस झाला. मोठी माय खंडोबाच्या शेजारी घोडीवर बसली. भाऊबंद जमले होते. त्यांतले एक नाना वाकून बघत म्हणाले, "बाईमाणूस घोड्यावर? असं करायले कोनी सांगं?"

मी आढ्याकडे बघायला लागलो.

"मी," आबा म्हणाले आणि टाकाला कुंकू लावलं.

प्रवासाचं म्हणाल तर रस्ता खराब, ऊन वाईट, जेवण चांगलं. माझ्यापुरतं एकच झालं. आता आबा माझ्यावर ओरडायला लागले, की मला ते घोडीवर, आईच्या उजव्या हातात दिसतात आणि हसू आवरत नाही. मार वाढलाय.