शेषेरावमामांच्या बोटीला चाकं

माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होता. गमबूट आत रुतला होता, पाय वर येत नव्हता, आणि माझं गिऱ्हाईक काठावरच्या दगडावर बसून हसत होतं.

"ताई, बूट सोडा तिथंच," शेषेरावमामा म्हणाले. "पाय जरा वाकडा करून काढा. सरळ वडला तर अजून खाली जाताल."

"तुम्ही आधी हसायचं बंद करा."

"हसत न्हाय. तुमची चाकं किती खाली गेली ते बघतोय."

चाकं माझ्याहून खाली गेली होती.

भूममध्ये माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, पेरणीयंत्रं, गेट, शेडचे सांगाडे, हे आमचं रोजचं काम. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्यात कंपनीत काही वर्षं काढली आणि वडील थकल्यावर परत येऊन दुकान हातात घेतलं. पाण्याशी आमचा संबंध टँकरच्या टाकीपुरता. त्यामुळं टेम्पोतून एक गुंडाळलेली रबरी बोट दुकानापुढं उतरली तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला.

"हिला चाकं बसवायची," मामा म्हणाले. "एकट्याला वडता आली पायजे. कुणाची मिनतवारी करायची न्हाय आपल्याला."

हकीकत अशी होती. मामांच्या गावाशेजारचा तलाव कैक वर्षांनी काठोकाठ भरला आणि शेताकडं जाणारी पायवाट पाण्याखाली गेली. शेत पलीकडच्या काठाला. ज्वारी, चार आंबे आणि एक कोपी, म्हणजे गवताची खोपटी. रस्त्यानं जायचं तर धरणाच्या भिंतीला वळसा घालून दोन गावं ओलांडावी लागतात, आणि त्या रस्त्याला एसटी नाही. मामांचा मुलगा बालाजी धाराशिवला कॉलेजात क्लार्क. त्यानं ऑनलाइन ही हवा भरायची बोट मागवली. मामा वल्हं मारायला शिकले आणि रोज शेतात जायला लागले. दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं.

पण तलावाचं पाणी एका जागी थांबत नाही. कॅनॉलला सुटतं, मोटारी उपसतात, उन्हानं आटतं. काठ रोज घरापासून लांब पळतो आणि मधे काळ्या चिखलाचा पट्टा उरतो. बोट पाण्याच्या कडेला ठेवावी तर तिथं बाभळीचे काटे, आणि काटा आणि हवेची बोट यांचं जमत नाही. म्हणून रोज घरापासून पाण्यापर्यंत बोट ओढायची. त्या ओढण्यात मामा एकदा पडले होते. हे त्यांनी मला सांगितलं नाही. नंतर कळलं.

आता थोडं कामाचं सांगते. अशा बोटीच्या मागच्या बाजूला प्लायवूडची एक जाड उभी फळी असते. मोटर लावायची तर तिथं लावतात. तिला ट्रान्सम म्हणतात. बाकी सगळी बोट म्हणजे हवा, आणि हवेला बोल्ट मारता येत नाही. म्हणून चाकांचे पाय त्या फळीलाच बसवायचे. पायाला एक बिजागरी आणि एक पिन. जमिनीवर चाक खाली. पाण्यात गेलं की पिन काढायची, चाक वर उचलायचं, पिन परत लावायची. एवढंच. यात काय अवघड आहे, असं मला वाटलं, आणि मी वाळू-सिमेंट वाहायच्या हातगाडीची चाकं लावून मोकळी झाले.

आमच्याकडच्या काळ्या मातीत मी जन्मले, तरी विसरले. ही माती ओली झाली की चाकाला धरते. चाक एक वेढा फिरलं की एक थर चढतो. चाक ज्या दुबेळक्यात, म्हणजे दोन फाट्यांच्या बेचक्यात, बसवलेलं असतं त्यात हा गोळा अडकतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग ते चाक राहत नाही, नांगर होतो. त्या दिवशी तेच झालं. मी मागून ढकलायला गेले आणि स्वतःच रुतले. मामांनी एक फळी टाकली, हाताला धरून मला बाहेर काढलं आणि घरी नेलं. केशरमामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाय धुवायला ऊन पाणी दिलं, वर चहा दिला, आणि बुटाचं ऐकून त्याही हसल्या.

"मामी, तुम्ही जाता का बोटीतून शेतात?" मी सहज विचारलं.

उत्तर मामांनी दिलं. "तिला पाण्याची भीती वाटतीया."

मामी कप उचलून आत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात बालाजी दुकानात आला. शर्ट इस्त्रीचा, चेहरा मात्र रात्रभर न झोपल्यासारखा.

"ताई, एक विनंती करायचीय. ती चाकं जरा जड करा."

"म्हणजे?"

"म्हणजे एकट्याला वडता येऊ नये अशी. आण्णा मागं चिखलात पडले होते. कुणी बघितलं न्हाय म्हणून बराच वेळ तसेच पडून होते. त्यांना न्हाय म्हणलं तर ऐकत न्हायत. चाकंच चालली न्हायत तर आपोआप बंद होईल."

माझं डोकं सणकलं. "माझ्याकडून मुद्दाम बिघडलेलं काम करून घ्यायला आलात? वडिलांना तोंडावर सांगा की. माझ्या वेल्डिंगच्या आडून कशाला?"

"सांगितलंय. लई भांडण झालं." तो स्टुलावर बसला. "शेवटी आण्णाच म्हणाले, चाकं झाली की तुझ्यासमोर एकट्यानं वडून दाखवतो. न्हाय जमलं तर बोट विक, आमी दोघं धाराशिवला तुझ्याकडं राहायला येतो. जमलं तर ह्या जन्मात परत हा विषय काढायचा न्हाय."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "बोट मीच आणून दिली, ताई. कौतुकानं. उद्या काही झालं तर मीच आणून दिली, असंच व्हणार का न्हाय?"

मी त्याला चहा मागवला. काम मात्र खोटं करणार नाही, हे त्याला ठणकावून सांगितलं. तो गेल्यावर माझं कशात लक्ष लागेना. चिखलात मी रुतले तेव्हा मामा होते म्हणून निघाले. मामा रुतले तर कोण?

दुसरी चाकं मी जीव लावून केली. जुन्या स्कूटरची दोन चाकं घेतली, रुंद टायरची. हवा कमी ठेवली, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो आणि रुतत नाही. दुबेळकं काढूनच टाकलं. चाक एका बाजूनं अ‍ॅक्सलवर, दुसरी बाजू उघडी, म्हणजे मातीला अडकायला जागाच नाही. पाय स्टेनलेस पाइपचे. फळीला आतून-बाहेरून प्लेट लावल्या, बोल्टच्या भोकांत पाणी शिरू नये म्हणून सिलंट भरलं.

राहिलं नाक. चाकं मागं असतात, ती मागचं वजन घेतात. पुढचं टोक माणसानंच उचलून चालायचं असतं. पुढं तिसरं छोटं चाक लावलं तर चिखलात तेच आधी बुडणार. मामांची कंबर दुखते हे त्यांच्या बसण्या-उठण्यावरून मला दिसलं होतं. म्हणून नाकाच्या कडीला अडकवायला एक आडवी दांडी केली, कमरेच्या उंचीची, वाकायला लागू नये अशी. ती मी चांगली लांब ठेवली. का, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

माझे वेल्डर रशीदभाई वडिलांच्या वेळेपासून आहेत. त्यांनी दांडी हातात धरून बघितली.

"बेटी, हे तर बैलाचं जू केलंस."

"चिखलात तोल राहतो," मी म्हणाले.

"हां, तोल," ते म्हणाले आणि ग्राइंडर सुरू केला.

ट्रायलला रविवार ठरला. बालाजी आला होता. मामा धोतर वर खोचून तयार. बोट फुगवलेली, वल्ही आत, चाकं खाली, पिना मी स्वतः दोनदा तपासलेल्या. केशरमामी भाकरीचं गाठोडं घेऊन काठावर उभ्या होत्या. मामांनी दांडी मधोमध धरली, नाक उचललं आणि निघाले.

चाकं चालली. सांगते ना, लोण्यातून जावं तशी चालली. चिखल टायरवर चढायचा आणि पुढच्या वेढ्याला बाजूला गळून पडायचा. मी काठावर उभी राहून नुसती चाकंच बघत होते. पोर पहिल्यांदा चालतंय तसं वाटत होतं मला.

म्हणून मामा थांबले ते मला उशिरा कळलं. चिखलाच्या पट्ट्याच्या मध्यावर ते उभे होते. दांडी हातात, एक हात कमरेवर. चाकांना काही झालं नव्हतं. कंबर धरली होती. मागं वळून बघत नव्हते, खाली ठेवत नव्हते, आणि एक पाऊलही टाकत नव्हते.

"आण्णा," बालाजीनं हाक मारली. "राहू द्या आता. झालं."

त्याच्या आवाजात जिंकल्याचं काहीच नव्हतं. उलट पोरगा रडवेला झाला होता. इतकी चांगली चाकं करून मी म्हाताऱ्याचं शेत घालवलं, असं वाटून गेलं.

केशरमामींनी चपला काढल्या. लुगडं वर खोचलं. भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चिखलात उतरल्या. बालाजी "आई, आई" करेपर्यंत त्या बोटीपाशी पोचल्या होत्या. गाठोडं बोटीत ठेवलं आणि दांडीची डावी बाजू धरली.

"सरका तिकडं," त्या म्हणाल्या. "मधी काय उभारलात?"

"अगं, तू कशाला?"

"आई, एकट्यानं वडायचं ठरलं होतं," बालाजी काठावरून म्हणाला.

"कुणाचं ठरलं होतं?" मामी मागं न बघता बोलल्या. "तुमचं बापलेकाचं. मला इचारलं व्हतं का कुणी? धाराशिवला कोण कोण जाणार, ते बी तुमीच ठरवलं."

"तुला भ्या वाटतंय न्हवं पाण्याचं?" मामा हळूच म्हणाले.

"म्या कधी म्हणलं तसं? तुमी कधी चल म्हणलात?"

आमच्याकडं तिफणीनं पेरताना पुरुष पुढं बैल हाकतो आणि बाई मागून चालत चाड्यात, म्हणजे बियाच्या नरसाळ्यात, मुठीनं बी सोडते. मामी त्यावरच बोलल्या. "जल्मभर तुमच्या मागं चाड्यावर मूठ धरली. आंबं म्याच लावलं. आता जरा बाजूनं चालते. उचला."

मामांनी उजवी बाजू धरली. दोघांनी नाक उचललं आणि बोट अशी निघाली की मामांना पाऊल लहान करावं लागलं. माझे डोळे भरून आले. साइटवर रडायची सवय नाही मला, पण आले.

पाण्याच्या कडेला मामींनी पिना काढून चाकं वर घेतली. एकदाच सांगितलं होतं मी, ते पण मामांना. मग प्रश्न आला लाइफ जॅकेटचा. बालाजीनं एकच आणलं होतं.

"ते हिकडं द्या," मामी म्हणाल्या. "तुमाला पवता येतंय."

मामांनी गुपचूप काढून दिलं. बालाजी तसाच बुटासकट चिखलात धावत गेला आणि तिथं उभा राहून बंद आवळून देत होता. "आई, हलू नकोस मधी. आण्णा, सावकाश न्या." बोट सुटली. पलीकडं पोचेपर्यंत मामी आंब्यांकडंच बघत होत्या.

बालाजी परत आला. एक बूट गेला होता.

"ताई, तुम्ही दांडी आधीपासूनच दोघांची केली होती ना?"

"एवढ्या चिखलात एकट्याला पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं," मी म्हणाले. "पण दुसरं माणूस तुम्ही असाल, असं वाटलं होतं मला."

त्याच दिवशी त्यानं दुसरं जॅकेट मागवलं. धाराशिवचा विषय परत निघाला नाही.

महिन्याभरानं मामी एकट्याच दुकानात आल्या, दांडी खांद्यावर घेऊन. त्यांची तक्रार होती. दांडी मामांच्या कमरेच्या उंचीची होती, त्यांच्या नाही. डावी बाजू खाली पाहिजे होती. मी मुकाट्यानं पाइप कापला, डावीकडं बाक दिला, वर रबरी मूठ चढवली. त्यांनी उभं राहून, धरून बघितलं, मगच बरं म्हणाल्या. जाताना कैऱ्या देऊन गेल्या.

तेव्हापासून काही ओढायचं काम आलं की वजन विचारायच्या आधी मी विचारते, ओढणार कोण. गिऱ्हाईक म्हणतं, मी एकटाच. मी म्हणते, घरी एकदा विचारून या, मग माप घेते.